बागेतल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये खवले मांजर: कॅमेरा कसा लावावा, आणि काय कोणाला सांगावे?

कातळसडा | १८ जानेवारी

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित आंबा-काजूची बाग आहे. वरच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, त्यापलीकडे कातळाचा सडा आणि खालच्या अंगाला पावसाळा सरल्यावरही दोन-तीन महिने पाणी धरून ठेवणारा पऱ्या, अशी तिची ठेवण आहे. यंदा पाऊस संपल्यावर काजूच्या बुंध्यांशी आणि गडग्याच्या पायथ्याला रोज सकाळी माती उकरलेली दिसू लागली. बागेत कामाला येणारे गडी ते रानडुकरांचे काम म्हणत होते आणि माझे काका साळिंदराचे. मला दोन्ही पटत नव्हते, कारण डुक्कर माती नांगरल्यासारखी उलथून टाकते आणि हे खड्डे वीतभर रुंद, खोल आणि आत निमुळते होत गेलेले होते. शेवटी नोव्हेंबरात साडेनऊ हजार रुपयांचा एक कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला आणि पाणंदीच्या कडेला, जिथे गडगा ढासळून खिंडार पडले आहे, तिथल्या फणसाला कमरेच्या उंचीवर बांधला.

पहिल्या तीन आठवड्यांत कार्डावर १,९०० फोटो आले. त्यांपैकी १,७०० फोटोंत हलणाऱ्या गवताखेरीज काहीही नव्हते. उरलेल्या फोटोंनी मात्र मला दोन रात्री झोपू दिले नाही. ज्या खिंडारातून मी लहानपणापासून ये-जा करतो, तिथून रानडुकरांचा कळप, साळिंदराची जोडी, भेकर, मुंगूस आणि आमच्याकडे ज्याला कांडेचोर म्हणतात ते उदमांजर, असे सगळे आपापल्या वेळेला जात होते. एका रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी बिबट्या गेला होता. त्याच संध्याकाळी ९ वाजता मी तिथूनच बॅटरी घेऊन घरी आलो होतो.

आणि ११ जानेवारीला पहाटे ३ वाजून १७ मिनिटांनी एकच फोटो आला आहे: खवले मांजराचा, तोही अर्धा. डोके चौकटीबाहेर आहे. पाठीवरचे खवले एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे दिसतात, त्यांच्या कडांना लाल माती लागलेली आहे, पुढच्या पायाची नखे आत मुडपलेली आहेत आणि जाड शेपूट जमिनीपासून किंचित वर उचललेले आहे. आमच्या गावात याला खवल्या म्हणतात. मी तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता आणि काकांनी शेवटचा पाहिला त्याला चाळीस वर्षे झाली.

माझे तीन प्रश्न आहेत. उकरलेली माती दर आठवड्याला ताजी दिसत असूनही खवल्याचा एकच फोटो का यावा? दुपारी १२ ते ४ या वेळेत कार्ड जवळपास कोरे का असते? आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे फोटो टाका असा आग्रह सुरू झाला आहे, त्याचे काय करावे?

रातवा | १८ जानेवारी

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पंधरा वर्षांहून अधिक काळ कॅमेरा ट्रॅप वापरतो आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडी विस्ताराने देतो.

या कॅमेऱ्याचा सेन्सर प्राणी ओळखत नाही आणि तापमानही मोजत नाही. त्याच्यासमोरचा भाग काही अदृश्य पट्ट्यांत विभागलेला असतो आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाची एखादी वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की तो फरक टिपून कॅमेऱ्याला जागे करतो. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात, तापमानातला फरक आणि हालचाल. उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले की या दोन्ही अटी पुऱ्या होतात, म्हणून तुमचे १,७०० फोटो गवताचे आहेत. उलट भर दुपारी तुमचा कातळ आणि चिरे प्राण्याच्या अंगाइतकेच तापलेले असतात, तेव्हा समोरून भेकर गेले तरी सेन्सरच्या लेखी काहीच घडलेले नसते. दुपारी तिथे प्राणी फिरकत नाहीत असा निष्कर्ष त्यामुळे कोऱ्या कार्डावरून काढू नये.

आता खवल्याकडे येतो. त्याच्या शरीराचे तापमान इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असते, त्यात वर खवल्यांचे आवरण, आणि तो चालतो जमिनीला लागून. आपला कॅमेरा कमरेइतका उंच आहे, त्यामुळे सेन्सरचा मुख्य पट्टा त्याच्या पाठीवरून निघून जात असणार. वाघ-बिबट्यांसाठी गुडघ्याइतकी, म्हणजे साधारण ४० ते ५० सेंटिमीटर उंची योग्य असते. खवले मांजर, साळिंदर, उदमांजर यांच्यासाठी ती २५ ते ३० सेंटिमीटरवर आणावी आणि कॅमेरा जमिनीला समांतर ठेवावा. सेन्सरला आडवी जाणारी हालचाल लवकर कळते आणि सरळ अंगावर येणारी उशिरा, म्हणून तो वाटेच्या रेषेत तोंड करून न लावता वाटेला तिरका लावावा. आपल्या फोटोत डोके चौकटीबाहेर गेले आहे, याचे कारण बहुधा हेच, की सेन्सरला जाग आली तोवर जनावर पुढे सरकले होते.

अंतर दोन ते तीन मीटर ठेवल्यास रात्रीचा फ्लॅश फार प्रखर पडतो आणि खवले पांढरे होऊन तपशील जातो. फ्लॅशची तीव्रता कमी करण्याची सोय कॅमेऱ्यात नसेल, तर एलईडींवर कागदी चिकटपट्टीचा एक थर लावावा, मात्र सेन्सर झाकला जाऊ नये. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असावे, नाहीतर रोज सकाळ-संध्याकाळ सूर्याचेच फोटो येतात. समोरचे गवत कोयत्याने हातभर रुंदीचे काढावे, पण खिंडार साफसूफ करू नये, कारण आडोसा गेला की वाट बदलते. आणि सगळे लावून झाल्यावर स्वतः रांगत त्याच्यासमोरून जाऊन पाहावे. पुष्कळ जण उभ्याने चालून तपासतात, आणि माणसाचा फोटो आला म्हणजे उदमांजराचाही येईल असे धरून चालतात.

बॅटऱ्यांबद्दल एकच सांगतो. साध्या अल्कलाइन बॅटऱ्यांचा विद्युतदाब हळूहळू उतरत जातो, दिवसाचे फोटो चांगले येत राहतात आणि रात्रीचा फ्लॅश मात्र मंदावत जातो. नेमके रात्रीचे प्राणी त्यामुळे हुकतात. परवडत असेल तर लिथियम घ्याव्यात, नसेल तर चांगल्या प्रतीच्या रिचार्जेबल. बॅटऱ्या बदलल्यावर घड्याळ तपासावे आणि पहिला फोटो तारीख-वेळ लिहिलेल्या पाटीचा काढावा. ही सवय नसल्याने माझे एका हंगामाचे सगळे फोटो बारा तास पुढे-मागे झाले होते, आणि रात्री फिरणारे साळिंदर भर दुपारी फिरते असे मी काही दिवस मानून बसलो होतो.

आणखी एक. गडग्यापलीकडची जमीन वनखात्याची असेल, तर तिथे परवानगीशिवाय कॅमेरा बांधू नये. अभयारण्यात तर अभ्यासासाठी नुसते जायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

हौशी छायाचित्रकार | १९ जानेवारी

अभिनंदन! आपल्याला फार दुर्मीळ फोटो मिळाला आहे. बीळ सापडले असेल तर कॅमेरा थेट त्याच्या तोंडाशी लावावा असे मी सुचवेन. बिबट्यासाठी मी खिंडाराजवळ कोंबडीचे उरलेसुरले टाकतो, दोन-तीन रात्रींत पूर्ण चेहऱ्याचा फोटो मिळतो. एवढी दैवी संधी आली आहे, ती वाया जाऊ देऊ नये.

माळरान | १९ जानेवारी

बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावण्याच्या सूचनेवर राहवत नाही म्हणून लिहितो आहे.

मी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या गवताळ माळांवर खोकड, लांडगे आणि तरस यांच्या नोंदी ठेवतो. सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मला खोकडाची कोठ, म्हणजे पिलांचे बीळ, सापडली, आणि मी उत्साहाच्या भरात तिच्यापासून दोन मीटरवर लोखंडी सळई ठोकून कॅमेरा लावला. सळई ठोकताना आवाज झाला, माझ्या हातांचा वास तिथे राहिला, आणि कॅमेऱ्याच्या एलईडींचा मंद लाल ठिपका रात्री दिसत होता. माणसाला तो जेमतेम दिसतो, खोकडाला किती दिसत असेल याचा मी विचार केला नव्हता. पहिल्या रात्रीच्या फोटोंत मादी कॅमेऱ्याकडे एकटक पाहत उभी आहे. दुसऱ्या रात्री ती आली, दहा मिनिटे लांब बसून राहिली आणि आत न जाता परतली. तिसऱ्या रात्री २ वाजून ५ मिनिटांपासून ३ वाजून २० मिनिटांपर्यंत तिने चार पिले एकेक करून मानेला धरून नेली. शेवटच्या फोटोत पिलू तिच्या तोंडात लोंबते आहे आणि पुढच्या फोटोत नुसते बीळ आहे. नव्या जागी ती जगली की नाही, हे मला कळले नाही. माझ्या संग्रहातली ती सर्वांत स्पष्ट छायाचित्रे आहेत आणि मी ती आजवर कुठेही लावलेली नाहीत.

म्हणून बीळ, कोठ, घरटे यांच्यापासून दूर, वाटेवर किंवा पाण्यावर कॅमेरा लावावा. खवले मांजराची मादी बहुधा एकाच पिलाला जन्म देते आणि त्याला शेपटीच्या मुळाशी बसवून हिंडते. अशा जिवाला बिळातून उठवण्याइतका कोणताही फोटो मोलाचा नाही.

रातवा | २० जानेवारी

माळरान यांच्याशी पूर्ण सहमत. कोंबडीच्या आमिषाबद्दलही स्पष्टच लिहितो. बिबट्या वाटेने जातो तेव्हा तो आपल्या घराकडे येत नसतो, घरावरून पुढे जात असतो. मांस टाकले की ती जागा त्याच्या फेरीतला थांबा होते, आणि पुढच्या वेळी तिथे मांस नसते, माणूस असतो. शिवाय आमिषावर काढलेल्या फोटोंवरून प्राण्याच्या नेहमीच्या वावराबद्दल काहीही म्हणता येत नाही. कॅमेरा ट्रॅपचे मोल इतकेच आहे की आपण नसताना काय घडते ते त्यातून कळते. आमिष टाकले की आपण तिथे हजर असल्यासारखेच झाले.

हौशी छायाचित्रकार | २० जानेवारी

माझ्या लक्षात हा मुद्दा कधी आला नव्हता. बागेच्या पलीकडे वस्ती आहे आणि तिथली मुले त्या वाटेने शाळेत जातात. आजपासून आमिष बंद करतो.

उसातली वाट | २१ जानेवारी

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्याचा फटका मी खाल्लेला आहे.

आमची शेती जुन्नर भागात आहे, ऊस आणि कांदा. पाच वर्षांपूर्वी गोठ्यामागच्या पाटाच्या कडेला मी कॅमेरा लावला. ९० रात्रींपैकी २६ रात्री बिबट्या दिसला. मला प्रथम धक्का बसला, नंतर लक्षात आले की या २६ रात्रींत आमच्या गोठ्यातले एक वासरूही गेले नव्हते. पण तोवर मी तिसऱ्याच दिवशीचा एक फोटो गटावर टाकला होता. दोन तासांत तो पाच गावांत पोहोचला आणि संध्याकाळपर्यंत त्यात ‘शाळेजवळ बिबट्या’ अशी भर पडली. दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास जण काठ्या आणि फटाके घेऊन उसाला वेढा घालून उभे होते आणि पिंजरा लावा म्हणून मागणी सुरू झाली. उसात मादी होती आणि तिची दोन पिले होती, हे मला त्याच रात्रीच्या फोटोंवरून कळले. गर्दीत कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब.

आमच्याकडे माणसे गेली आहेत, म्हणून भीतीला मी खोटे म्हणणार नाही. पण पिंजऱ्याने प्रश्न सुटतो असे समजणाऱ्यांनी आमच्याच तालुक्याचा इतिहास पाहावा. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी या भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ती सुरू झाल्यावर हे प्रमाण सरासरी १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे मांडले. त्यांनीच शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात, जंगल नावाला नाही, आणि तरीही दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे आढळली. ती तिथे नव्याने आलेली नव्हती. कॅमेरा लागल्यावर ती दिसली, एवढेच.

म्हणून आता मी असे करतो: बिबट्याचा फोटो गटावर टाकत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. ज्यांची घरे पाटाला लागून आहेत त्या चार कुटुंबांकडे स्वतः जातो, मोबाइलवर फोटो दाखवतो आणि वेळा सांगतो. रात्री ८ ते ११ आणि पहाटे ४ ते ६ या वेळांत तो पाटाने जातो, एवढे कळल्यावर त्यांनी आपणहून बदल केले. पहाटे पाणी धरायला दोघे मिळून जातात, शेळ्या बंद गोठ्यात असतात, अंगणात झोपणे बंद झाले, आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकायची नाही हे ठरले, कारण तिच्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अकोल्याच्या अभ्यासातही बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. आपल्याकडचा बिबट्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी गेला, ही गोष्ट त्या पाणंदीने जाणाऱ्या प्रत्येक घराला कळायला हवी असे मला वाटते. खवले मांजराचे मात्र कोणालाही कळू नये.

मोहफूल | २२ जानेवारी

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहिते आहे. व्याघ्रगणनेत मी दोन वेळा स्वयंसेविका म्हणून काम केले आहे. वर एका गोष्टीचा उल्लेख आलेला नाही, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कातळसडा यांनी कॅमेरा पाणंदीच्या कडेला लावला आहे. पाणंद वापरते कोण?

आमच्याकडे एप्रिलमध्ये बायका पहाटे ४ वाजता मोहफुले वेचायला निघतात. पहाट हीच त्यांची विधीला जाण्याचीही वेळ असते. आमच्या पथकाने वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघापेक्षा माणसांचे फोटो कितीतरी जास्त येत. एकदा कार्ड उतरवताना कोणीतरी सगळे फोटो स्वतःकडे घेतले आणि त्यांतला एका बाईचा फोटो गावातल्या मोबाइलांवर फिरला. ती बाई पुन्हा त्या वाटेला आली नाही. तिच्या घरच्यांनी आमच्याशी बोलणे बंद केले आणि त्यांचा राग रास्त होता. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसते: कॅमेऱ्यांच्या धाकाने बायका एरवीपेक्षा हळू बोलू लागल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या, सरपणासाठी अनोळखी भागात जाऊ लागल्या. वाघ-अस्वलांच्या रानात गाणे म्हणणे हे संरक्षण असते, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा.

त्यानंतर आम्ही ग्रामसभेत कॅमेऱ्यांच्या जागा सांगू लागलो. प्रत्येक कॅमेऱ्यावर मराठीत आणि गोंडीत पाटी लावली. कार्ड एकाच व्यक्तीने उघडायचे आणि माणसांचे फोटो मोठे करून न पाहता लगेच पुसायचे, हा नियम केला. हल्ली माणसे, वाहने, प्राणी आणि कोरे फोटो वेगळे काढणारी मेगाडिटेक्टरसारखी प्रणाली उपलब्ध आहे, तिने हे काम सोपे होते. कातळसडा, आपण कॅमेरा पाणंदीकडून काढून खिंडाराच्या आतल्या अंगाला, फक्त बागेकडे तोंड करून लावावा.

गणनेची पद्धत विचारतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जंगलाचे २ चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात कॅमेऱ्यांची जोडी लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि एकच कूस मिळाली तर एक वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. हे दोन कॅमेरे एकमेकांच्या अगदी समोर ठेवत नाहीत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. २०१८ च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो काढले. त्यांत वाघांचे होते ७६,६५१. आपल्या १,९०० फोटोंत २०० प्राणी निघाले, हे प्रमाण त्या मानाने फारच उत्तम आहे.

कातळसडा | २३ जानेवारी

मोहफूल, आपला प्रतिसाद वाचून मी उठलो आणि बॅटरी घेऊन कॅमेरा बंद करून आलो. खालच्या वाडीतल्या बायका काजूच्या हंगामात आणि एरवीही त्या पाणंदीने जातात. कार्डावर त्यांचे १४ फोटो होते, ते मी पुसले. उद्या त्यांच्या घरी जाऊन सांगेन की कॅमेरा होता, फोटो पुसले आहेत, आणि आता तो आत फिरवला आहे. फोटो गटावर टाकणार नाही. बिबट्याच्या वेळा पाणंदीवरच्या सात घरांना स्वतः सांगेन.

खवल्याबद्दल मात्र माझ्या मनात अजून चलबिचल आहे. कोणालाच सांगितले नाही, तर उद्या सड्यावर चिऱ्याची खाण निघाली तर तो तिथे होता हे सांगणार कोण?

रातवा | २४ जानेवारी

प्रश्न रास्त आहे. सगळ्या गावाला सांगणे आणि कोणालाच न सांगणे, यांच्यामध्ये एक वाट आहे. आपल्या भागाच्या वनरक्षकांना किंवा वनपालांना भेटून फोटो दाखवावा आणि लेखी नोंद करायला सांगावे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजरांवर प्रत्यक्ष काम करते, तिलाही कळवता येईल. नोंद झाली की उद्या जमिनीचा प्रश्न आला तर पुरावा राहतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला तेव्हा तिथे वाघ आहे का, असे विचारणारे पुष्कळ होते. मे २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळाले. फोटोचे खरे काम ते.

सार्वजनिक ठिकाणी मात्र गाव, वाडी, सड्याचे नाव, मागचा डोंगर, यांपैकी काहीही दिसू नये. मोबाइलवरून काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, तेही काढून टाकावेत. खवल्यांचा व्यापार हा पैशाचा व्यवहार आहे आणि त्यातले दलाल असे धागे वाचतात. ते खवले आपल्या नखांच्याच घटकाचे, केराटिनचे असतात आणि त्यांत कोणताही औषधी गुण सिद्ध झालेला नाही, तरीही त्यासाठी हा प्राणी मारला जातो. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. कोणी विचारपूस करत फिरताना दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

माळरान | २५ जानेवारी

नोंदींबद्दल थोडे सांगतो. एक कॅमेरा एक रात्र चालू असला की ती एक ‘ट्रॅप नाइट’. कॅमेरा कधी लावला, कधी बंद पडला, कोणत्या उंचीवर होता, हे वहीत लिहावे. एकाच जातीचे फोटो अर्ध्या तासाच्या आत आले तर ती एक नोंद धरावी, नाहीतर खिंडारात रेंगाळणारे एक डुक्कर चाळीस डुकरे होऊन बसते. आणि ‘दर १०० रात्रींमागे इतक्या नोंदी’ हा आकडा प्राण्यांची संख्या नव्हे. आपल्या बागेतला तोच तो उदमांजराचा नर रोज रात्री येत असेल. कोऱ्या गेलेल्या रात्रीही लिहाव्यात. त्या लिहिल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी प्राणी कमी झाले की कॅमेरा कमी चालला, हे सांगता येत नाही.

कातळसडा | २९ मे

धागा वर काढतो आहे, कारण पाऊस तोंडावर आला आहे आणि काल कॅमेरा उतरवला.

२६ जानेवारीला तो खिंडाराच्या आत, काजूच्या तिसऱ्या रांगेत, २७ सेंटिमीटरवर, उत्तरेकडे तोंड करून तिरका लावला. तेव्हापासून १२२ रात्रींपैकी ११५ रात्री तो चालला. सात रात्री मुंग्यांनी बॅटरीच्या खणात अंडी घातल्यामुळे गेल्या. माळरान यांनी सांगितलेल्या पद्धतीने मोजल्यावर साळिंदराच्या ४१ नोंदी आहेत, उदमांजराच्या ३८, रानडुकरांच्या १९, भेकराच्या ९ आणि बिबट्याच्या ६. खवल्याच्या पाच आहेत.

त्या पाचपैकी एका रात्रीच्या, ४ मार्चच्या, नोंदीत १ वाजून ५२ मिनिटांपासून २ वाजून २१ मिनिटांपर्यंत सलग फोटो आहेत. तो काजूच्या बुंध्याशी येतो, नाक मातीला लावून दोनदा फिरतो, मागच्या पायांवर बसून पुढच्या नखांनी उधईचे वारूळ फाडतो आणि डोके आत घालतो. पुढचे अकरा फोटो फक्त पाठीचे आणि शेपटीचे आहेत. सकाळी मी तिथे गेलो, तेव्हा वीतभर रुंद, आत निमुळता होत गेलेला खड्डा होता आणि त्याच्या एका भिंतीवर नखांच्या तीन खाचा ओल्या मातीत उमटलेल्या होत्या. काकांना घेऊन आलो. त्यांनी खाचांवर बोट फिरवून पाहिले आणि गड्यांना सांगितले की हा खड्डा बुजवू नका. गेल्या दहा वर्षांत उधईवर औषध मारायला आम्ही किती खर्च केला, याचा हिशेब ते त्या दिवशी बराच वेळ करत होते.

वनरक्षक दोनदा येऊन गेले, नोंद झाली आहे. खालच्या वाडीतल्या बायकांना मी फोटो दाखवले. त्यांच्यातल्या एका आजींनी सांगितले की पऱ्याच्या पलीकडे असे खड्डे त्या दरवर्षी पाहतात आणि तिथे सरपणाला जातात. पावसानंतर कॅमेरा कुठे लावावा, हे त्याच दाखवणार आहेत. ज्या वाटेने त्या स्वतः जातात तिच्याकडे त्याची पाठ असेल, अशी त्यांची अट आहे आणि मी ती मान्य केली आहे.

एक शंका उरली आहे. पावसाळाभर कॅमेरा कपाटात ठेवताना दमटपणाचे काय करावे? मागच्या वर्षी दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी आली होती.

रातवा | २९ मे

बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, त्या आत राहिल्या तर पाझरतात. मुंग्यांचा खण कोरड्या ब्रशने स्वच्छ करावा आणि कडेच्या रबरात मातीचा कण राहिलेला नाही हे पाहावे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह ठेवून महिन्यातून एकदा पुड्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्यात. कपड्यांच्या कपाटात ठेवू नये, कोकणात तिथेच सर्वांत जास्त बुरशी येते. ४ मार्चच्या नोंदीची मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी, आणि ऑक्टोबरात आजींनी दाखवलेल्या जागी कॅमेरा लावाल तेव्हा त्याची उंची इथे जरूर कळवावी.